चिठ्ठीवर न लिहिलेले औषध

नागपुरात गेली सत्तावीस वर्षे मी दवाखाना चालवते आहे. या शहरातील डॉक्टरला उन्हाळ्याचे अप्रूप नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. चक्कर, उलट्या, पोटऱ्यांत गोळे अशा तक्रारी घेऊन माणसे येतात आणि आम्ही मीठ-साखरेचे पाणी, विश्रांती व ‘उन्हात फिरू नका’ हा सल्ला देतो. हा सल्ला किती अपुरा आहे, हे मला माझ्याच एका रुग्णामुळे उमगले.

ते व्यवसायाने शिंपी, वय बासष्ट. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत. ती मीच लिहून दिलेली. काम सावलीतले, तेव्हा यांना ऊन लागण्याचा प्रश्नच नाही, असे मी गृहीत धरले होते. मेमधल्या एका संध्याकाळी ते थकवा आणि पायांतले गोळे यांसाठी आले. उठता उठता म्हणाले, “मॅडम, रात्री झोपच नाही लागत. भिंतीला हात लावला तर चटका बसते.” मी ते वाक्य ऐकले आणि सोडून दिले. भरपूर पाणी प्या, घरी जाऊन आराम करा, असे सांगितले. त्यांचे घर म्हणजे वरच्या मजल्यावरची, एकाच खिडकीची स्लॅबची खोली आहे, हे मी विचारलेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने त्यांना रिक्षातून आणले. ते असंबद्ध बोलत होते. ताप १०६ फॅरनहाइटच्या वर होता. अंगावर पाणी ओतत, वारा घालत आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात पोहोचवले. जीव वाचला, पण उष्णतेने लहान मेंदूला इजा झाली आणि हातांचा कंप कायमचा मागे राहिला. चाळीस वर्षे सुईत दोरा ओवलेल्या त्या माणसाला आज चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो.

त्या रात्रीच्या उकाड्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. दिवसभर शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. या कामी हृदय आणि मूत्रपिंडे राबत असतात. रात्र गार असेल, तर त्यांना उसंत मिळते. मात्र काँक्रीट, विटा आणि डांबर दिवसा शोषलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. त्यामुळे दाट वस्तीचे शहर आसपासच्या खेड्यांपेक्षा रात्री अधिक तापलेले असते. शरीराची झीज भरून निघत नाही आणि दुसरा दिवस थकलेल्या शरीरावरच उगवतो.

एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. झाडही नेमके हेच करते. मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफेच्या रूपाने सोडून ते भोवतालची हवा थंड करते, शिवाय जमिनीवर सावली धरते. झाडे म्हणजे शहराच्या घर्मग्रंथीच होत. आपण त्या एकेक करून काढून टाकल्या.

‘आपण’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. माझ्या दवाखान्यासमोर एक जुना कडुनिंब होता. रुग्ण त्याखाली पाळीची वाट पाहत बसत. वाहने लावायला जागा हवी म्हणून मी रीतसर परवानगी काढून तो तोडला आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. पुढच्याच उन्हाळ्यात आत बसवेना, म्हणून एसी घेतला. त्याची गरम हवा मी मागच्या गल्लीत सोडली. तिथेही माणसेच राहतात.

पाण्याचेही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. पाऊस प्रचंड होता, हे खरेच; पण त्याला मुरायला मातीही उरली नव्हती. उन्हाळ्यात चटके देणारी फरसबंदीच पावसाळ्यात पाणी घरात लोटते.

यावर उपाय आहेत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून धडा घेऊन त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला: आगाऊ इशारे, डॉक्टरांचे प्रशिक्षण, पाण्याची सोय आणि पुढे गरीब वस्त्यांतील छतांना पांढरा रंग. नंतर नागपूरनेही असा आराखडा स्वीकारला. पण आराखडा आपल्या गच्चीवर आपणहून चढत नाही.

आम्ही त्या शिंपीकाकांच्या गच्चीपासून सुरुवात केली. त्यांचा मुलगा आणि मी स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. खोलीत साधा थर्मामीटर टांगला होता. दुपारच्या आकड्यात तीन अंशांचा फरक पडला. आता गल्लीतील नऊ गच्च्या पांढऱ्या आहेत.

आपणही एवढे करू शकता. एप्रिलपूर्वी गच्चीला चुना द्या. जुलैच्या पावसात कडुनिंब किंवा करंज लावा आणि पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी घाला. लावण्यापेक्षा जगवणे महत्त्वाचे. बुंध्याभोवती तीन-चार फूट माती उघडी ठेवा. अंगणातील निम्मी फरशी तरी काढा. घरातील वृद्धांना रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. गोळी मनाने बंद करू नका. तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर क्रोसिन देण्यात वेळ दवडू नका, त्या तापावर ती चालत नाही. कपडे सैल करा, अंग भिजवा, वारा घाला आणि तातडीने रुग्णालय गाठा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दवाखान्यासमोरचे आठ पेव्हर ब्लॉक मी उखडले. तिथे लावलेला कडुनिंब आता माझ्या कमरेएवढा झाला आहे. त्याच्या सावलीत कोणी बसायला अजून दहा-बारा वर्षे लागतील. तोवर मी निवृत्त झाले असेन. माझ्या केसपेपरवर मात्र एक प्रश्न कायमचा वाढला आहे: रात्री झोपता कुठे?

आज निजण्यापूर्वी आपल्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या खोलीत जा आणि भिंतीला हात लावून पाहा.