शिवकांत शुक्लाच्या वाटेवर

मामांनी नागपूरच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली. गेल्या दिवाळीत त्यांची कपाटं आवरत होतो, तेव्हा एक जाडजूड खंड हातात घेऊन ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "अरे, हा खटला कुणाचा? शिवकांत शुक्लाचा. आणि आम्ही जन्मभर म्हणत आलो 'एडीएम जबलपूर'. कोंडणाऱ्याचा हुद्दा सगळ्यांच्या तोंडी बसला, कोंडलेल्या माणसाचं नाव गेलं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. जबलपूरला जायचं ठरवलं, तेही गोंदियाहून सातपुड्याच्या रेल्वेनं. या मार्गाचं वेड मला लहानपणापासूनचं. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी छोटी गाडी, साजा-सागाचं जंगल, आणि वळणावर खिडकीतून दिसणारं आपलंच इंजिन. आता तिथं मोठे रूळ आलेत. गोंदिया ते बालाघाट जेमतेम चाळीस किलोमीटर. बिरसोला आलं की महाराष्ट्र संपतो, पण ते फलाटावरच्या पाटीवरूनच कळतं. धानाच्या बांध्या त्याच, घरांची कौलं तीच. डब्यातल्या बाया पोवारीत बोलत होत्या, मधूनच मराठीत, मधूनच हिंदीत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. त्याआधी दोन्ही जिल्हे मध्यप्रांताचेच.

बालाघाटला उतरायचं कारण वेगळं होतं. १९७७ च्या लोकसभेच्या निकालांत मध्यप्रदेशाच्या चाळीस जागा पाहा: जनता पक्ष ३७, छिंदवाड्याची एक काँग्रेसची, गुनाची एक अपक्ष, आणि उरलेली एक रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाची. ती बालाघाटची. चंद्रपूरच्या बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागड्यांचा पक्ष, निवडून आलेले कचरूलाल जैन. आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या एवढ्याशा पक्षानं सबंध देशात दोनच जागा जिंकल्या: आपल्याकडे बुलढाणा आणि इकडे बालाघाट. हे गाव एकदा पायाखालून घालायचंच, असं मनात होतं.

स्टेशनजवळच्या लॉजनं पहिल्या रात्री फार छळलं. पंखा चालला तर दिवा जाई, आणि उशीला आधीच्या माणसाच्या तेलाचा वास. सकाळी चहाच्या टपरीवर दोघांनी विचारलं, "कान्हा जाना है?" लांजीचा किल्ला, भरवेलीची मँगनीजची खाण, सगळ्यांची नावं ऐकवली गेली. वैनगंगेचा पूल मात्र मी चालत ओलांडला. नंतर पावलं आपोआप कलेक्टर कचेरीकडे वळली.

तिथं एका दारावर अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे एडीएमची, पाटी होती. शिपायानं काम विचारलं. काय सांगणार? मी ती पाटी बघायलाच आलो होतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि लगेच देशभरच्या अशा कचेऱ्यांमधून मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धतेचे हुकूम सुटले. एकट्या मिसाखाली ३४,९८८ माणसं आत गेली. भारत संरक्षण नियमांखाली पकडलेले धरले तर आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा आकडा होतो १,१०,८०६. त्या वेळी मध्यप्रदेशाचे मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी होते. पण हुकुमावर सही करणारा हात जिल्ह्यातलाच असे, एखाद्या अशाच दारामागचा. त्यातलाच एक हुकूम जबलपूरच्या शिवकांत शुक्लांवर निघाला.

शुक्ला उच्च न्यायालयात गेले. जबलपूरच्या न्यायाधीशांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून झाली की नाही, हे आम्ही तपासू शकतो. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी हेच म्हटलं, त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं. मामा ही गोष्ट सांगताना आजही खुर्चीत ताठ बसतात. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती ह. रा. खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर काही दाद आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधात एकटे खन्ना. बाजूनं लिहिणाऱ्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, याचं दुःख मराठी माणसाला व्हायला हवं. न्यायमूर्ती बेगांनी तर सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेतं, असं लिहिलं. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुढं जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून बेगांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल रद्दबातल ठरायला ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं, आणि तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय होते.

दुपारी इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असे ते. माझा उत्साह पाहून त्यांनी मान हलवली.

"भाऊ, लोकशाही-बिकशाही मधे आणू नका. जनता पक्षानं ही जागा खोब्रागड्यांना सोडली होती. जगजीवनराम फेब्रुवारीत काँग्रेसमधून बाहेर पडले, दलितांची मतं हलली. त्यात नसबंदीचा राग. गणित जमलं, एवढंच. नाहीतर जवळच्या छिंदवाड्यानं काँग्रेस कशी ठेवली? आणि तुमचं नागपूर, वर्धा, अमरावती? तिथल्या लोकांना स्वातंत्र्य नको होतं?"

या प्रश्नानं मी गप्प झालो. विदर्भात बहुतेक ठिकाणी काँग्रेसच आली, हे खरंच आहे. भंडाऱ्यानं जनता पक्षाच्या लक्ष्मणराव मानकरांना निवडून दिलं, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तिथंही गणितच." मग मी तारखा मांडल्या. मतदान १६ ते २० मार्चला झालं आणि आणीबाणी उठली २१ मार्चला. म्हणजे सूचक म्हणून सही करणारा, गावात झेंडा लावणारा, सभेला सतरंजी देणारा प्रत्येक माणूस मिसा जिवंत असताना हे करत होता. उद्या हरलो तर हीच सही आपल्याला आत नेईल, हे त्याला ठाऊक होतं. तुमच्या गणितात ही भीती कुठं बसते?

प्राध्यापकांनी चहा मागवला. "तीन वर्षांत ही जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली," ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे की. मत परत फिरवता येणं हेच तर १९७६ मध्ये हिरावलं होतं, लोकसभेची मुदत वाढवून. त्या मुदतवाढीच्या निषेधार्थ आपल्या पुण्याच्या मधू लिमयांनी आणि जबलपूरच्या शरद यादवांनी खासदारकी सोडली. दोघंही तेव्हा तुरुंगातच होते. लिमये तर मध्यप्रदेशाच्याच तुरुंगांत. आमचं काही जुळलं नाही, पण निघताना प्राध्यापक फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "एकाला भेटून जा."

तो 'एक' म्हणजे बाजारातल्या एका किराणा दुकानाचे मालक. वय बहात्तर. पकडले तेव्हा बाविशीत होते. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. आधी इथल्या तुरुंगात, मग जबलपूरला. ज्या जबलपूरच्या तुरुंगात इंग्रजांनी सुभाषबाबूंना ठेवलं, तोच. मारझोडीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी हात हलवला. बोलले ते पत्रांबद्दल. आईची पत्रं यायची, पण मधल्या ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या. "मायला लिहिताच येत नव्हतं," ते म्हणाले. "शेजारचा पोरगा लिहून द्यायचा. बैल विकला, धान किती झालं, हेच. त्यात काय खोडलं असेल हो?"

वैनगंगेवर जाऊन बसलो. पाणी उतरलं होतं, वाळूत कुणी टरबुजाचे वेल लावले होते. विनोबा आठवले. १९४४ मध्ये इंग्रजांनी त्यांना इथून जवळच सिवनीच्या तुरुंगात ठेवलं होतं, तिथंच त्यांनी स्थितप्रज्ञावर प्रवचनं दिली. त्याच विनोबांचे 'अनुशासनपर्व' हे शब्द १९७५ मध्ये सरकारनं भिंतीभिंतींवर रंगवले. ते कोणत्या अर्थानं म्हणाले होते, यावर पवनारला आजही वाद होतो. अंधार पडेपर्यंत मी तिथून उठलोच नाही. लांजी राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी काकाजी फलाटावर आले. हातात पिशवीभर चिन्नोर तांदूळ. "घरी शिजवा, वास बघा," म्हणाले. मग खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. स्थानबद्धतेचा हुकूम. घड्यांवर झिजून चार तुकडे होत आलेले, मागून पारदर्शक पट्टी लावलेली. माणसाला का धरलं ते सांगायची गरज नाही, न्यायालयालाही नाही, अशी दुरुस्तीच सरकारनं मिसात करून घेतली होती. कागदावर नाव होतं, बापाचं नाव होतं, गाव होतं.

गाडीची घोषणा झाली. काकाजींनी कागद परत गुंडाळला.

"तुम्ही जबलपूरला जाताच आहात," ते म्हणाले, "तर तिथं कुठं जुन्या फायली असतील त्यांत बघा. माझ्यावर आरोप काय होता, तेवढं कळलं तर कळवा."

मी वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहून घेतलं, हुकुमाची तारीख आणि क्रमांकही. नैनपूर येईपर्यंत वही उघडीच होती.