मुलामागचें घर

विशेष शाळांच्या वार्षिक समारंभांस जाण्याचा योग आम्हांस वरचेवर येतो. तेथील अहवालांत मुलें किती, शिक्षक किती, वाचोपचाराचे तज्ज्ञ आठवड्यांतून किती दिवस येतात, नवी बस कोणीं दिली, हें सारें असतें. पण मुलांच्या घरांसाठीं शाळेनें कोण माणूस नेमला आहे, असें विचारलें कीं व्यासपीठावरील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. ‘तें आमच्या शिक्षिकाच करतात,’ असें उत्तर मिळतें. आमच्या मतें तें त्यांच्याकडून होण्यासारखें नाहीं, व त्यांत त्यांचा दोषहि नाहीं.

वास्तविक यांतील कांहीं नामांकित शाळा आईबापांनींच उभारल्या आहेत. १९४४ सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं जें काम आरंभिलें, तें आज ‘जय वकील’ या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. १९७२ सालीं मिठू अलूर यांनीं स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, तीहि स्वतःच्या मुलीच्या काळजीनेंच. ज्या कार्याचा उगम घरांत झाला, त्याच्या सेवकवर्गांत घराकडे पाहणारें मनुष्य नसावें, हें नवल नव्हे काय?

शिक्षिकेची अडचण केवळ वेळेची असती तर गोष्ट वेगळी. ती मुलाच्या प्रगतीची परीक्षक असते. शाळेंत मुलास स्वतःच्या हातानें जेवावयास शिकवावें आणि घरीं आजीनें मायेनें घांस भरवावेत, हें नित्याचें. पण त्याचा जाब आईला द्यावा लागतो. मग आई शिक्षिकेपुढें हंसून ‘सर्व ठीक आहे’ म्हणते. ‘मी थकलें’ हे दोन शब्द जिच्यापुढें उच्चारतां येतील, अशी व्यक्ति निराळी असावी लागते.

आमची एक जुनी विद्यार्थिनी जिल्ह्याच्या गांवीं अशाच एका शाळेंत समाजसेविका आहे. शिक्षक रजेवर असला कीं तिला वर्गावर बसवितात, आणि सरकारी तक्ते भरण्यांत तिची सकाळ जाते. घरोघर जाण्यास तिला शनिवार तेवढा उरतो. अशाच एका शनिवारीं ती सोळा वर्षांच्या एका मुलाच्या घरीं गेली. अक्षरओळखीविषयीं आई कांहींच बोलली नाहीं. बऱ्याच वेळानें म्हणाली, ‘ताई, आतां हा मला मोरीपर्यंत उचलवत नाहीं हो.’ वडील रात्रपाळीला. आणि पाठीचें दुखणें त्या बाईनें दोन वर्षें कोणास सांगितलें नव्हतें! पुढच्या खेपेस आमच्या विद्यार्थिनीनें व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना सोबत नेलें. त्यांनीं वडिलांस व शेजारच्या एका तरुणास मुलाला धरण्याची रीत दाखविली. मोरींत उंच पाट बसला, भिंतीला कठडा लागला. खर्च किरकोळ. धाकट्या बहिणीशींहि ती स्वतंत्र बोलली. या घरांतल्या भावंडांकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं.

अठरावें वर्ष जवळ येतें तेव्हां तर अशा माणसावांचून घराचें फारच अडतें. २०१६ च्या कायद्यानें, ज्यांचें अपंगत्व ठराविक प्रमाणाचें आहे अशा मुलांस सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, पुढें काय? मतिमंदत्व, स्वमग्नता यांसारख्या कांहीं बाबतींत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठीं अर्ज करतां येतो. परंतु सज्ञान झालेल्या मुलाचें पालकत्व आईबापांनींहि मागावें लागतें, ही कल्पनाच कित्येक घरांत नसते. हें कोणीं सांगावें? भूमितीचे आकार शिकविणाऱ्या बाईंनीं?

अशा समाजसेवकांचा वर्ग पुनर्वास परिषदेच्या नोंदणींतहि आहे. म्हणजे हा व्यवसाय कांहीं आम्हीं कल्पिलेला नव्हे. तूर्त मात्र आम्हीं पाहिलेल्या शाळांतून घरांची खरी माहिती असते ती बसमधील मदतनीस बाईला. कोणाच्या दारांत भांडण चाललें आहे, कोणाची आई चार दिवस दिसली नाहीं, हें तिला प्रथम कळतें. पण तिला बैठकीस कोणी बोलावीत नाहीं. आमच्या विद्यार्थिनीनें तिच्याशीं मैत्री केली आहे, हें तिच्या शहाणपणाचें लक्षण आम्ही समजतों.

गेल्या महिन्यांत तिनें सहा घरें पाहिलीं. त्यांचें एस. टी. चें भाडें हिशेबाच्या कोणत्या सदरांत घालावें, हा प्रश्न शाळेच्या समितीपुढें आहे.