यवतमाळात पाहण्यासारखं काय आहे?

माझं माहेर ठाण्याचं आणि सासर यवतमाळचं. लग्नाला आता अठ्ठावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत माहेरचं कोण कोण इथे येऊन राहिलं हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. दर मे महिन्यात मात्र फोनवर ठरलेला प्रश्न येतो, "ताई, येऊ गं, पण तिथे पाहण्यासारखं काय आहे?"

आता मे महिन्यात विचारल्यावर मी काय डोंबल सांगणार? त्या महिन्यात पाहण्यासारखा फक्त कूलर असतो. :)

यादीच करायची तर करता येते. कळंबचा चिंतामणी, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जायचं. पांढरकवड्याकडे टिपेश्वरचं अभयारण्य. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. वणीला रंगनाथ स्वामींचं देऊळ. गाडी असेल तर दोन-तीन दिवसांत सगळं उरकतं, आणि पाहुणे "छान आहे हो" म्हणून परत जातात. त्यांनी यवतमाळ पाहिलं असं मात्र मला कधी वाटत नाही. मुंबई वर्षातल्या कुठल्याही दिवशी जा, ती आपली मुंबईच असते. आमचं गाव नकाशा घेऊन बघायचं नाही, कालनिर्णय घेऊन बघायचं. कुठे जाऊ ते नंतर विचारा, आधी विचारा कधी येऊ.

आणि त्याचं उत्तर एका शब्दात हवं असेल तर नवरात्रात या.

आमचा दुर्गोत्सव कोलकात्यानंतर देशात दुसरा, असं इथला पानवालासुद्धा छातीठोकपणे सांगतो. नंबर कोणी दिला ते विचारायचं नाही. स्वतः येऊन बघायचं. नऊ रात्री अख्खं गाव पायी रस्त्यावर असतं. चौकाचौकात मंडप, कुठे देवळाची प्रतिकृती, कुठे गुहा, रोषणाईने दिवस उजाडल्यासारखा वाटतो. आणि गर्दी काही फक्त यवतमाळची नसते. दारव्हा, घाटंजी, आर्णी, शेजारच्या जिल्ह्यांतून, तेलंगणाच्या बाजूने माणसं येतात. एका कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहिलात की वऱ्हाडी, हिंदी, बंजाऱ्यांची गोरमाटी, तेलुगू असं सगळं कानावर पडतं. गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसंही त्यात असतात, आपल्याला ओळखू येत नाही इतकंच. मोठ्या शहरात माणसं कुठून कुठून पोटासाठी येऊन एकत्र होतात, इथे ती आधीपासूनच आहेत. नवरात्रात एका रस्त्यावर येतात एवढंच.

बाकीचं वर्षही रिकामं नसतं हं. श्रावणात पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर तीज असते. मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालून गाणी म्हणतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमाराला त्या हिरव्या टोपल्यांचं विसर्जन होतं. श्रावण संपता संपता पोळा. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी, पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सजलेल्या बैलांसमोर झडत्या म्हणायची चढाओढ, दुसऱ्या दिवशी पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा. दिवाळीत झरी-पांढरकवड्याकडे गोंडांच्या दंडारी. नोव्हेंबरच्या अखेरीला महात्मा फुल्यांच्या स्मरणाचं स्मृती पर्व, एप्रिलमध्ये समता पर्व. तेव्हा मैदानावर व्याख्यान ऐकायला जी गर्दी जमते ती बघून माझ्या ठाण्याच्या काकांनी खरंच तोंडात बोट घातलं होतं. थंडीत हुरडा, शेतातले रोडगे आणि वांग्याची भाजी. उन्हाळ्याच्या तोंडावर वणीची जत्रा आणि तिचा बैलबाजार. तोवर रस्त्याकडेचे पळस पेटलेले असतात.

आता मंडळी, जे लिहायला ही पोस्ट उघडली ते लिहिते.

या जिल्ह्याला पाहुण्यांची कमी कधीच नव्हती. गेल्या वीस वर्षांत तर फार मोठे मोठे पाहुणे आले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, मग सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. २००८ मध्ये राहुल गांधी आमच्या जिल्ह्यातल्या जळका गावी आले. २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी दाभडीला 'चाय पे चर्चा' करून गेले, तेव्हा ते पंतप्रधानपदाचे उमेदवार होते. यांच्या मागेपुढे पत्रकार, अभ्यासक, कॅमेरेवाले, संस्थांच्या गाड्या. सगळे एकच गोष्ट बघायला आले. माझी भाचेमंडळीही लग्नकार्यात ओळख करून देताना म्हणतात, "ही आमची यवतमाळची मावशी, ते आत्महत्यांचं नाही का..." यांचं काही वाईट मनात नसतं. पण माझं गाव त्या एका शब्दाने ओळखलं जातं याचं मला दर वेळी लागतं.

आमच्या शेताला लागून ज्यांचं शेत आहे त्या काकूंच्या घरी हे झालं. नाव लिहीत नाही. काका गेले त्यानंतरची दोन वर्षं त्यांच्या अंगणात गाड्या लागायच्या. काकू प्रत्येकाला चहा करायच्या, फोटो भिंतीवरून काढून हातात धरा म्हटलं की धरायच्या, कर्जाचा आकडा सांगायच्या. मग गाड्या बंद झाल्या. एकदा कापूस वेचायच्या दिवसांत मी बांधावर त्यांच्याशेजारी बसले होते, तेव्हा म्हणाल्या, "लय लोकं येऊन गेले माय. पोळ्याले मात्र कोनीच नाही आलं."

काकांनी बैल विकले नव्हते. त्या वर्षी पोळ्याला काकूंच्या मुलाने, अकरा वर्षांचा होता तेव्हा, एकट्याने दोन्ही बैल सजवून तोरणाखाली नेले होते. ते बघायला गावाबाहेरचं कोणी नव्हतं. झडती त्यानेही म्हटली होती, घसा फाटेस्तोवर, आणि गावाने त्याला पुढे उभं केलं होतं. कोणी विचारलं, यवतमाळात पाहण्यासारखं काय आहे, की मला आधी ते आठवतं.

म्हणजे दुःख लपवून ठेवून पाहुण्यांना फक्त रोषणाई दाखवावी असं मला म्हणायचं नाही. तेही आमच्या कॅलेंडरमध्ये आहे. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक जण त्यांच्या आठवणीत दिवसभर अन्नत्याग करतात. १ जुलैला कृषी दिन असतो, तो ज्यांच्या जयंतीचा, ते वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिले. एकाच जिल्ह्याच्या कॅलेंडरमध्ये या दोन्ही तारखा आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत पोळा, तीज, नवरात्र सगळं बसतं. २०१९ च्या जानेवारीत इथे ९२ वं साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याने केवढा गदारोळ उठला होता! शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या विधवेने. त्या दिवशी ती कॅमेऱ्यासमोर फोटो धरून उभी नव्हती, माइकसमोर उभी राहून बोलत होती. माझ्या माहेरच्यांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि पहिल्यांदा फोनवर कुणी म्हटलं, "तुमच्या गावची बाई काय बोलली गं!"

टिपेश्वरच्या वाघाचंही सांगते, कारण मुलं तेच विचारतात. २०१९ मध्ये इथला एक तरुण वाघ चालत निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. त्याचं नावच 'वॉकर' पडलं. आमच्याकडे लोक हसून म्हणतात, आमची पोरं पुण्याला जातात, वाघ बुलढाण्याला गेला. माझीही दोन्ही पुण्यातच आहेत. गंमत म्हणजे ती दिवाळीला येतील न येतील, नवरात्रातल्या एका शनिवार-रविवारी मात्र मित्रांना घेऊन हटकून येतात. त्या मित्रांना ती काय दाखवतात ते मी मागून चालत ऐकत असते. मंडप दाखवतात, आणि वाटेत एखादा ओळखीचा भेटला की थांबून आधी त्याच्या कापसाची, सोयाबीनची चौकशी करतात. एवढं पुरे आहे मला.

तर माहेरच्या मंडळींसाठी थोडं कामाचं. लहानपणी गोष्टीत ऐकलेली शकुंतला गाडी विसरा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर डुलत डुलत जाणारी ती छोटी गाडी आता धावत नाही. वर्धा ते कळंब मोठ्या रुळांवरची गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पण मुंबईहून येणाऱ्यांनी आपलं धामणगावला उतरावं आणि तिथून एसटी धरावी, हे उत्तम. टिपेश्वर पावसाळ्यात बंद असतं. नवरात्रात रात्री जेवून बाहेर पडायचं, चपला चालण्याच्या घालायच्या आणि लहान मुलांच्या खिशात फोन नंबर लिहून ठेवायचा. पोळ्याला यायचं असेल तर श्रावण लागताच कळवा, म्हणजे काकूंना सांगून ठेवते. चहा त्याच करतील. तुम्ही बैलांच्या पाया पडा, पुरणपोळी खा आणि कर्जाचं त्यांनी काढलं तरच बोला.

यंदाचं कालनिर्णय भिंतीवरून काढून बघा, आणि तारीख ठरली की फोन करा.