विमान भाड्याने पाहिजे

माणूस नोकरीतून निवृत्त झाला म्हणजे त्याला नातेवाइकांकडून नाना तऱ्हेची कामे सांगितली जातात. कुणी विजेचे बिल भरायला पाठवतो, कुणी मुलीसाठी स्थळ पाहायला. मला २०२३ च्या मार्च महिन्यात भाच्याने विमान पाहायला नेले!

भाचा अमेरिकेत, इलिनॉय संस्थानातल्या शँपेन गावी असतो. मी त्याच्याकडे चार-सहा महिन्यांसाठी गेलो होतो. चिरंजीव नोकरी सांभाळून शनिवार-रविवार काय करतात, हे तिथे गेल्यावर कळले. विमानातून उडी मारतात! त्यांचा एक क्लब आहे आणि हे त्याचे खजिनदार. "मामा, आईला एवढ्यात सांगू नकोस हं," अशी तंबी मला विमानतळावरून घरी येतानाच मिळाली. ताईचा स्वभाव मला ठाऊक. मी गप्प बसलो.

क्लबचे मैदान म्हणजे मक्याच्या शेतांमधली गवताची एक लांब पट्टी, पत्र्याची शेड आणि त्यात एक जुने सेस्ना १८२. चार आसनांचे विमान. पण वैमानिकाचे सोडून बाकीची आसने काढून टाकलेली, आणि उडी मारणारी चार माणसे जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात. दहा हजार फूट चढायला त्याला अर्धा तास लागतो. खाली येतानाही घाई करून चालत नाही. तापलेले इंजिन एकदम थंड झाले तर त्याच्या सिलिंडरला तडे जातात म्हणे. त्यामुळे शनिवारी पंचवीस माणसे नंबर लावून बसलेली आणि विमान आपले घिरट्या घालते आहे! सार्वजनिक नळाची आठवण व्हावी असा देखावा. कंटाळून चांगली चांगली माणसे दूरच्या मोठ्या क्लबांकडे जाऊ लागली होती. आणखी एक उन्हाळा असाच गेला तर क्लबच उरणार नाही, ही भाच्याची खरी काळजी.

मग ठरले की उन्हाळ्यापुरते मोठे विमान भाड्याने आणायचे. पसंती होती सेस्ना कॅरॅव्हॅनला. टर्बाइन इंजिन, एका वेळी चौदा माणसे, तेरा हजार फूट, आणि उडून पुन्हा खाली यायला पंचवीस मिनिटे. वरच्या तीन हजार फुटांनी काय मिळते, असे मी विचारले. "सोळा-सतरा सेकंद जास्त पडायला मिळतं," भाचा म्हणाला. एवढ्यासाठी एवढा खटाटोप! पण पु़ढे मनात आले, आपण तरी सवाईला एका तानेसाठी रात्र रात्र थंडीत बसायचोच की.

ही विमाने ऋतूप्रमाणे हिंडतात. हिवाळ्यात उत्तरेकडे बर्फ पडले की फ्लोरिडा, ॲरिझोनाकडे, उन्हाळ्यात पुन्हा वर. आपल्याकडे जत्रांचा हंगाम आला की गावोगावचे पुढारी नारायणगावला तमाशाचे फड ठरवायला जातात ना, अगदी तोच प्रकार. सुपारी लवकर दिली नाही तर चांगला फड हातचा जातो.

इंडियानातल्या एका लहान विमानतळावर असे एक कॅरॅव्हॅन होते. आम्ही मोटारीने निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेली सपाट जमीन, काळीभोर, थेट आपल्या वऱ्हाडासारखी. मधूनच धान्याची उंच पत्र्याची कोठारे. मैलच्या मैल माणूस दिसत नाही. इंडियानाच्या हद्दीत शिरलो आणि घड्याळ एक तास पुढे गेले. काही न करता तास गेल्याची चुटपुट मला दिवसभर होती.

मालक भला गृहस्थ होता. त्याने कॉफी दिली आणि विमान दाखवले. शेपटीकडच्या अंगाला डाव्या बाजूस रुंद दार, दुकानाच्या शटरसारखे वर सरकणारे, हवेतसुद्धा उघडता येणारे. बाहेर धरायला दांडी, उभे राहायला पायरी. आत जमिनीला पट्टे. भाच्याने इंजिनाची वही मागितली, शेवटच्या मोठ्या दुरुस्तीनंतर किती तास झाले ते पाहिले. मी विचारले, "सगळे एकदम दाराशी गेले तर?" मालक हसला नाही. म्हणाला, "प्रश्न बरोबर आहे." शेपटीकडे भार झाला तर विमान नाक वर करते, वेग हरवते आणि कोसळू शकते. म्हणून दाराशी एका वेळी किती माणसांनी जायचे ते ठरलेले असते. ताईला न सांगण्याच्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली.

मग करारपत्र निघाले. तिकडे इंधनासकट भाडे ते 'ओले' आणि इंधनाविना ते 'कोरडे'. दुष्काळाचे हे दोन्ही प्रकार आपल्या परिचयाचे! हे कोरडे होते. छत्तीस वर्षे बँकेत कर्जाचे कागद वाचलेला माणूस मी, बारीक अक्षर आधी वाचतो. त्यात होते : हंगामात किमान शंभर तासांचे भाडे, विमान उडो वा न उडो. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शंभर तास म्हणजे दोनशे चाळीस फेऱ्या, म्हणजे तीन हजार तीनशे साठ उड्या. पाऊस, वारा, ढग वजा जाता हंगामात धड दिवस मिळणार पंचवीस. रोज एकशे चौतीस उड्या! क्लबचा आजवरचा उच्चांक चाळीस. शिवाय कॅरॅव्हॅनला लागते जेट इंधन, आणि क्लबच्या टाकीत सेस्नाचे निळे पेट्रोल. भाच्याचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर तो डॅनव्हिल येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

शेवटी तोड निघाली ती शेजारच्या क्लबाशी. त्यांचे मैदान गावच्या विमानतळावर, तिथे जेट इंधन मिळते. दोघांनी मिळून सहा आठवड्यांचे शनिवार-रविवार विमान घ्यायचे, किमान वीस तास, आणण्या-नेण्याचा खर्च आपला. मालकाने दोन दिवस विचार करून होकार दिला. आता हिशेब रोज छप्पन्न उड्यांवर आला. दोन क्लबांना झेपेल असा. पण विमान आपल्या गवतावर उतरणार नाही, ते परक्यांच्या डांबरावर, चाळीस मैल दूर. क्लबच्या जुन्या मंडळींना ते फार लागले. एका आजोबांनी तर त्या दिवशी सभेत खुर्ची सरकवली आणि निघून गेले. मला त्यांची बाजू कळत होती. हिशेबात ती मांडता येत नव्हती, एवढेच.

जूनच्या पहिल्या शनिवारी कॅरॅव्हॅन आले. ते आजोबाही आले होते, पहिल्याच फेरीत. भाचा त्यांच्या मागोमाग चढला, दार बंद झाले, आणि बघता बघता विमान ठिपक्याएवढे झाले. मी मान वर करून उभा, आणि खिशातला फोन वाजला. पुण्याहून ताई. तिच्याकडे रात्रीचे साडेआठ.

"काय रे, आहे कुठं तो?"

"वर गेलाय."

"माडीवर? बरं, जेवायला बोलाव त्याला. उपाशी राहतो तो कामाच्या नादात."

"येईलच इतक्यात खाली," मी म्हणालो, आणि ठिपके मोजू लागलो.