आधी पुंगळी, मग बंदूक

पैसे परत मिळाले ना, मग झालं की! हे मी बायकोकडून ऐकलं, रेंजवरच्या मित्रांकडून ऐकलं, पुण्याहून फोनवर बाबांकडूनही ऐकलं. पैसे मिळाले हे खरं आहे, पूर्ण मिळाले. तरीही फिनिक्सच्या ज्या रस्त्यावर ते दुकान आहे, तिथून गाडी जाताना आजही माझं डोकं तापतं.

मी लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला पॅरिसला कांस्यपदक मिळालं तेव्हा कोल्हापूरच्या मावशीने फोन करून विचारलं, "तूही तेच करतोस ना रे?" तेच नव्हे. त्याचं लक्ष्य ५० मीटरवर असतं, आमचं हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटर. या प्रकाराला एफ-क्लास म्हणतात. फार्कहर्सन नावाच्या कॅनडातल्या नेमबाजाने तो सुरू केला, म्हणून 'एफ'. पोटावर झोपायचं, दुर्बिणीतून बघायचं. त्यातल्या एफ-टीआर गटात काडतुसं दोनच चालतात, .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर, आणि बायपॉडसकट बंदुकीचं वजन सव्वाआठ किलोच्या आत हवं. हजार यार्डांवर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं आणि त्याच्या पोटातलं 'एक्स' पाच इंचांचं. एच-वन-बी व्हिसावर होतो तोवर बंदुकीच्या बाबतीत कायद्याने हात बांधलेले होते. ग्रीन कार्ड आल्यावर दुकानातली तयार .३०८ घेतली, बेन एव्हरी रेंजवर जायला लागलो, आणि पुढे जे सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. स्वतःच्या मापाची बंदूक बांधून घ्यायची ठरली.

बंदूक बांधायची म्हटली की लोक बॅरल कुणाची, अॅक्शन कुणाची, स्टॉक कोणता, दुर्बीण किती पॉवरची यावर तासन् तास बोलतात. पुंगळीबद्दल, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाबद्दल, शेवटी विचारतात, जमलं तर. मला हे मुळीच पटत नाही. बॅरलच्या मागच्या टोकाला जे चेंबर कातलं जातं ते पुंगळीच्या मापाने. ते कातणारं रीमर एकदा घडवलं की त्याचं माप कायमचं. मग आधी काय ठरायला हवं? माझ्या गनस्मिथने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की दारू आणि प्रायमर न घालता बनवलेली दोन-तीन नकली काडतुसं आणून दे, ज्या पितळात तू खेळणार आहेस त्याच पितळाची, तुझ्याच गोळीची. त्याशिवाय मी रीमरला हात लावणार नाही.

.३०८ च्या पुंगळीत निवड करायची ती मुख्यतः प्रायमरच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या, आकाराची. नेहमीच्या पुंगळीच्या बुडाला मोठा रायफल प्रायमर बसतो आणि ठिणगी आत जाण्याचं भोक साधारण दोन मिलिमीटरचं असतं. फिनलंडच्या लापुआची 'पाल्मा' पुंगळी वेगळी. तिला छोटा प्रायमर, भोक दीड मिलिमीटरचं. छोट्या प्रायमरच्या खड्ड्याभोवती पितळ जास्त उरतं, त्यामुळे जोरदार भार भरूनही खड्डा लवकर सैल होत नाही आणि पुंगळी जास्त वेळा भरता येते. कडाक्याच्या थंडीत छोटा प्रायमर कधी कधी दारू नीट पेटवत नाही म्हणतात, पण ॲरिझोनात ती काळजी कुणाला! मी पाल्माच घ्यायची ठरवली.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. एक पुंगळी एका डॉलरच्या वर पडते म्हटल्यावर त्यांनी किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं ते हे, "मानेवर तापवल्याचा रंग दिसतो का?" दिसतो. निळसर-तपकिरी पट्टा मानेपासून, म्हणजे गोळी जिथे बसते तिथून, खांद्याखालपर्यंत उतरलेला असतो. बरेच कारखाने तो घासून पुंगळी चकचकीत करतात, लापुआ ठेवतं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, असं हे पितळ ओढून ओढून लांब करताना कडक होतं आणि आत ताण धरून बसतं. तो ताण मान तापवून सोडवावा लागतो. बाबांनी मग ब्रिटिश काळातली गोष्ट सांगितली. हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात अडकलेला ताण, दोन्ही मिळून भेग पाडायचे. इंग्रजीत त्या तडकण्याला त्या ऋतूवरूनच नाव पडलं, आणि १९२१ मध्ये तीन ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी त्याचं कारण नीट मांडलं. म्हणून नव्याने खेळायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळीला कधीही लावू नका. आमच्याकडे पितळेच्या भांड्यांना चिंच लावतात तसं सौम्य आम्ल चालतं, इथले लोक सायट्रिक ॲसिड वापरतात. चकाकीने नेम सुधारत नाही, ते वेगळंच.

तर मी पाल्माची शंभराची एक पेटी त्या दुकानातून घेतली, माप घेतलं. गोळी बसवल्यावर मानेची जाडी ०.३३८ इंच भरली. गनस्मिथने रीमरची मान ०.३४१ ची मागवली, म्हणजे तीन हजारांश इंच मोकळीक. मग त्याच दुकानात आणखी चारशे पुंगळ्यांची ऑर्डर दिली, त्याच लॉटमधल्या. काउंटरवरच्या माणसाने पावतीवर लॉट नंबर हाताने लिहून दिला आणि मी पूर्ण पैसे भरले. २०२० ची सुरुवात होती ती. मार्चनंतर काय झालं ते सांगायला नको. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. मी महिन्यातून एकदा फोन करायचो. "यादीत तुमचा नंबर वर आहे." पुन्हा फोन, पुन्हा तेच. बॅरल आली, चेंबर कातून झालं, बंदूक घरी आली, आणि माझ्याकडे पुंगळ्या त्या शंभरच.

मग हिवाळ्यात एका दुपारी ईमेल आला. माल उपलब्ध नसल्यामुळे ऑर्डर रद्द करत आहोत, रक्कम परत करत आहोत. ठीक आहे, म्हटलं, जगच अडकलंय. पण त्याच संध्याकाळी त्यांच्या वेबसाइटवर त्याच पुंगळ्या 'उपलब्ध' दिसल्या, जवळजवळ दुप्पट किमतीला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्या काउंटरमागच्या फळीवर रचलेल्या होत्या. एक बघायला मागितली. झाकणाच्या लेबलवर लॉट नंबर होता. खिशातून पावती काढून शेजारी ठेवली. आकडा न् आकडा जुळत होता.

व्यवस्थापक आला. आवाज चढवला नाही, उद्धट बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाला, तुमची ऑर्डर जुन्या किमतीची होती, ती सिस्टिमने रद्द केली. आजची किंमत ही. मी विचारलं, पैसे तर तुमच्याकडे वर्षभर होते ना? तो म्हणाला, ते परत केलेत. मी म्हटलं, या पेट्या माझ्या आहेत, नंबर तुमच्या माणसाच्या हातचा आहे. त्याने पावती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, हाताने लिहिलेलं आम्ही मानत नाही. शेजारचं गिऱ्हाईक फळीकडे बोट दाखवून म्हणालं, दोन द्या. माझ्यासमोर दोन पेट्या गेल्या.

मी चौकशी केली. वेळेत माल देता येत नसेल तर गिऱ्हाइकाला कळवा किंवा पैसे परत करा, असं कळलं. पैसे परत आले होते. कळवायला उशीर केला एवढंच काय ते मी म्हणू शकत होतो, आणि तेवढ्यावर भांडायला वकिलाची फी माझ्या चारशे पुंगळ्यांपेक्षा जास्त. हे सगळं कायद्यात बसतं, आणि याचीच मला चीड आहे. चोरी असती तर तक्रार केली असती. इथे एक माणूस शब्द देतो, लिहून देतो, वर्षभर तुमचा पैसा वापरतो, आणि भाव चढल्यावर सभ्यपणे हात वर करतो. मंडईतल्या भाजीवाल्याने असं केलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कुणी जाणार नाही. इथे रांग लागली होती.

दुसऱ्या एका गावातून दुसऱ्या कारखान्याचं पितळ मिळालं, मोठ्या प्रायमरचं. माप घेतलं तर मान जाड. गोळी बसवल्यावर बरोबर ०.३४१. चेंबरही ०.३४१. हे का भयंकर आहे ते सांगतो. बार उडताना मान फुगते आणि गोळी सुटते. फुगायला जागाच नसेल तर मान गोळीला आवळून धरते, आतला दाब एकदम चढतो, आणि बोल्टच्या लगेच मागे तुमचं तोंड असतं. काडतूस चेंबरमध्ये बसलं म्हणजे उडवायला सुरक्षित झालं असं कुणीही समजू नये. मायक्रोमीटर लावल्याशिवाय एकही बार भरू नये.

मग रात्री जेवणानंतर माना कातायला बसलो. हातात धरायचं छोटं यंत्र असतं, पुंगळी फिरवत पुढे सरकवायची, मानेवरून पितळाचा केसासारखा कीस निघतो. दर थोड्या वेळाने माप घ्यायचं. पात्याला ऊब आली की कापाची खोली बदलते, म्हणून थांबायचं. थोडं पुढे खांद्यात गेलं तर पुंगळी फुकट. बायको म्हणायची, त्या माणसाला शिव्या देत देत काततोयस, हात हलेल.

आता जे झालं तेही लिहिलं पाहिजे. तोवर छोटे रायफल प्रायमर बाजारातून पार गायब झाले. ते .२२३ लाही लागतात आणि .२२३ सगळ्या देशाला लागते. हजाराला ३५-४० डॉलरला मिळणारे प्रायमर शंभराच्या वर गेले, तेही मिळाले तर. माझ्याकडे जुन्या बंदुकीच्या वेळचे मोठे प्रायमर होते. म्हणजे चारशे पाल्मा मिळाल्या असत्या तरी त्या मोसमात मी त्या भरू शकलो नसतो. कातलेल्या, मोठ्या प्रायमरच्या पितळावर मी पूर्ण मोसम खेळलो, आणि बंदूक उत्तम चालली. हे कळल्यावर एक मित्र म्हणाला, दुकानदाराने तुझ्यावर उपकारच केले. मी असं म्हणणार नाही. त्याने हे माझ्यासाठी केलं नव्हतं.

मी इतकी वर्षं सांगत आलो की एकाच लॉटचं, उत्तम पितळ हवंच. अजूनही सांगतो. पण हजार यार्डांवर ताशी एक मैलाचा वारा चुकला तर माझी २०० ग्रेनची गोळी सात-आठ इंच सरकते, आणि वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला तर सुमारे पाच-सहा इंच वरखाली. वारा मोठा, पितळ छोटं, हे मलाही दिसतं. पण गोळी नवाच्या वर्तुळात गेली की ती वाऱ्याने गेली की माझ्या भरलेल्या काडतुसाने, हे मला कळायला हवं. पितळाबद्दल मनात शंका असेल तर वारा शिकताच येत नाही. एवढ्यासाठी मी पितळाचा हट्ट धरतो.

बॅरल आता संपत आली आहे, नवी मागवली आहे. पाल्माच्या पाचशे पुंगळ्या आधीच घरात आल्या आहेत, दुसऱ्या दुकानातून, पैसे देऊन पेट्या हातात घेऊन. गनस्मिथने विचारलंय की जुन्याच रीमरने ०.३४१ ची मान ठेवायची, की नवं रीमर घडवून ०.३४४ करायची, म्हणजे कुठलंही पितळ न कातता चालेल. त्याला उत्तर द्यायचं आहे. कधी वाटतं मोकळी ठेवावी, कधी वाटतं त्या दुकानदारामुळे मी माझं माप का बदलू?