नऊ आणि अडतीस

आमच्या घरी १९५८ सालची मॉरिस मायनर आहे. माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. साहजिकच घरातला मानही मोठा! तिचे इंजिन ९४८ सीसीचे. ताशी चाळीस मैल ओलांडले, की तिचा स्वर असा चढे, की शेजारी बसलेले नाना समाधानाने मान डोलवीत आणि मी धास्तावत असे.

मिस्त्री म्हणाला, "सर, डिफरन्शियलचा जोड बदला." मूळ जोडात पिनियनला ९ दाते, क्राऊनला ४१. पुढे १९६२ साली १०९८ सीसीच्या मायनरला ९ आणि ३८ चा जोड आला. तो बसवला, की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे शेकडा सातांनी कमी. घाटात मात्र जोरही तितकाच उणा. व्याकरणात अपवाद असतात, यंत्रात नाहीत!

नाना नको म्हणाले असते. म्हणून मी त्यांना विचारलेच नाही.

गेल्या दिवाळीत वाईला निघालो. सपाटीवर गाडी शांत धावली. काटा चाळीस दाखवी, तेव्हा खरा वेग त्रेचाळीस असे. बिचाऱ्याला नव्या जोडाची वार्ताच नव्हती. खंबाटकीत पूर्वी तिसरा गिअर पुरे तिथे दुसरा घालावा लागला. नाना गप्पच होते. वाई आली तेव्हा हळूच म्हणाले, "अरे, गाडीचा आवाज नीट ऐकू येईना. माझे कान गेले की काय?"

मग मात्र मी सारे सांगून टाकले. ते रागावले, पण कान शाबूत असल्याच्या आनंदात राग फार टिकला नाही. जुना जोड मोडीत घालायचा नाही, ही त्यांची अट मी मुकाट्याने मान्य केली आहे.