पडद्याखालची ओळ

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूर गावात शंकराला एळुत्तरिनाथर म्हणतात, म्हणजे अक्षर जाणणारा स्वामी. अक्षरारंभासाठी मुलांना त्याच्या देवळात आणण्याची रीत आहे. अशा गावात उद्या पडदा बांधून एखादा फ्रेंच कौटुंबिक चित्रपट दाखवायचा म्हटले, तर पहिली शंका भाषेचीच निघेल: हे कोणाला कळणार? मला वाटते, फ्रेंचमुळे फारसे अडणार नाही. अडेल ते पडद्याखाली धावणाऱ्या भाषांतराच्या इंग्रजी ओळीपाशी. परभाषेतला खेळ बघणे या मुलखाला नवे नाही. तंजावरचे शहाजीराजे १६८४ साली गादीवर आले. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदतात. पाचही भाषा येणारे दरबारात तरी कितीजण असतील? पुढे १९०५ साली तिरुचिरापल्लीत रेल्वेच्या नोकरीत असलेल्या सामिकण्णू व्हिन्सेंट यांनी द्युपाँ नावाच्या फ्रेंच माणसाकडून प्रोजेक्टर आणि ख्रिस्तचरित्रासह काही मूकपट विकत घेतले आणि तंबू घेऊन ते दक्षिणेत हिंडू लागले. लोक तंबूत आले ते फ्रेंच शिकून नव्हे.

पण कौटुंबिक चित्रपट म्हणजे मूकपट नव्हे, त्यात सारा जीव बोलण्यात असतो, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ऑलिव्हिए असायास यांचा २००८ सालचा, इंग्रजीत 'समर अवर्स' म्हणून ओळखला जाणारा चित्रपट घ्या. आई वारते, तिघा भावंडांपैकी बहीण न्यूयॉर्कला, एक भाऊ चीनमध्ये, घर आणि त्यातल्या मौल्यवान वस्तू ठेवायच्या की विकायच्या, एवढाच पेच. 'वाडा चिरेबंदी' हे नाटक पाहिलेल्या मराठी माणसाला यात काय समजावून सांगायचे? त्यातल्या धरणगावच्या देशपांड्यांकडेही तात्याजी गेल्यावर मुंबईचा सुधीर येतो आणि दुखवट्यातच हिशेब सुरू होतात. कावेरीकाठच्या घरांतूनही मुले चेन्नईला, सिंगापूरला गेलेली आहेत. कथा ओळखीचीच आहे. हरवते ते बोलण्यातले अंतर. फ्रेंचमध्ये जवळच्याला 'त्यू', मान द्यायच्या माणसाला 'व्हू'. इंग्रजीत दोघांनाही 'यू'. मराठीत तू-तुम्ही आहे, तमिळमध्ये नी-नींगळ आहे. म्हणजे जे आपल्या दोन्ही भाषांना सहज पेलते, तेच आपण इंग्रजीच्या गाळणीतून गाळून घेतो. घरातली जुनी मोलकरीण मालकांच्या मुलाशी कशी बोलते, हे अशा चित्रपटात अर्धी गोष्ट सांगून जाते. (आपल्या फिल्म सोसायट्यांनी इतकी वर्षे जगाचे सिनेमे दाखवले, पण ही गाळणी मात्र तशीच राहू दिली.)

तरुणांना इंग्रजी येते, मग थेट फ्रेंचमधून तमिळ ओळ करण्याचा एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. येते, कबूल. पण गावातल्या खेळाला आजी, सून आणि नात एकाच सतरंजीवर बसतात, आणि वारसाहक्काच्या गोष्टीत आजीचे मत सर्वांत पक्के असते. तिला वगळून असला चित्रपट दाखवणे म्हणजे वाटणीच्या बैठकीला थोरल्यांना न बोलावणे. शिवाय भाषांतर छापले तरी झरझर सरकणारी ओळ तिला वाचता येईलच असे नाही. तिथे मूकपटाच्या काळातला पडद्याशेजारी उभा राहून सांगणारा माणूसच कामाचा. मात्र त्याने मोजके बोलावे. नटांचे आवाज पुसणारे डबिंग मला मान्य नाही. आईचा थकलेला स्वर कोणत्याही भाषेत कळतो आणि तो ऐकू आलाच पाहिजे. खर्चाचा मुद्दा उरतो. पण दीड-दोन तासांच्या चित्रपटातले संवाद म्हणजे काही ग्रंथ नव्हे. फ्रेंच आणि तमिळ दोन्ही येणारा एक माणूस आणि थोडे दिवस पुरतात. तसा माणूस शोधायला पॅरिसला जायला नको. कारैकाल याच कावेरीच्या खोऱ्यात समुद्राकाठी आहे, आणि १९५४ पर्यंत तिथे फ्रेंचांचे राज्य होते.